ज्या शब्दात सुरी नाही

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला लघवी करताना त्रास व्हायचा. चार वर्षांचं पोर; लघवीला उभं राहिलं की पुढची कातडी फुग्यासारखी फुगायची, धार बारीक यायची आणि ते कळवळायचं. बालशल्यचिकित्सकांनी तपासून सांगितलं, "आधी मलम लावून बघू. नाहीच फरक पडला तर सर्कमसिजन करावं लागेल." बहिणीने मान डोलावली. तिच्या नवऱ्याने किती दिवस रजा घ्यावी लागेल ते विचारलं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली माझी आई अगदी सहज म्हणाली, "म्हणजे सुंता?"

खोलीत एकदम शांतता पसरली. बहीण चमकून आईकडे बघायला लागली. डॉक्टर घाईने म्हणाले, "नाही नाही, आजी, तसं काही नाही. हे वैद्यकीय कारणासाठी आहे." अवयव तोच, काढायची कातडी तीच, टाके तेवढेच. पण एका शब्दाला सगळ्यांनी मान डोलावली होती आणि दुसऱ्याला सगळे दचकले होते. आपलं काय चुकलं ते आईला कळेना, आणि या दोन शब्दांत इतकं अंतर कशाने पडलं ते मला कळेना. घरी आल्यावर कोश काढून बसले. त्या एका प्रश्नामागे पुढे बरेच महिने गेले.

'सर्कमसिजन' उलगडायला सोपा आहे. लॅटिनमध्ये 'सिर्कुम' म्हणजे सभोवती आणि 'काएदेरे' म्हणजे कापणे. गोलाकार कापणे, एवढाच त्याचा अर्थ. या 'काएदेरे'चं घराणं मोठं आहे. कात्रीसाठीचा 'सीझर्स' त्यातलाच, आणि 'डिसिजन'सुद्धा, कारण निर्णय घेणं म्हणजे उरलेल्या वाटा कापून टाकणं. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरचे "सिझर झालं" असं सांगतात, त्या शब्दातही जुन्या रोमन समजुतीप्रमाणे हेच कापणं आहे. इंग्रजीत 'सर्कमसिजन' बाराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता. दहाव्या शतकाच्या शेवटी एल्फ्रिक नावाच्या मठवासीयाने १ जानेवारीच्या सणासाठी प्रवचन लिहिलं, त्यात तो येतो. त्याचा पहिला तुकडा 'यम्ब' म्हणजे सभोवती, आणि दुसरा 'स्निथन' म्हणजे कापणे. जर्मन भाषेत आजही 'बेश्नायडुंग' म्हणतात, त्यातही 'श्नायडेन', म्हणजे कापणंच आहे.

लॅटिन शब्द तरी मूळचा कुठे आहे? तो ग्रीक 'पेरितोमे'चा साचा जशाच्या तसा उचलून घडवलेला आहे. 'पेरि' म्हणजे सभोवती, 'तोमे' म्हणजे काप. जो कापता येत नाही तो 'अॅटम', त्यातला 'टम' हाच. आणि ग्रीक 'पेरि' व आपलं 'परि' ही सख्खी भावंडं आहेत. म्हणजे हाच शब्द संस्कृतात बांधायला घेतला तर 'परि' अधिक 'छेद' असा बांधावा लागेल, आणि हाती काय येईल? परिच्छेद! शाळेत बाई "इथे नवा परिच्छेद पाडा" असं सांगायच्या, तो. आपल्याकडे तो मजकुराला लागला, त्यांच्याकडे शरीराला. हे लक्षात आलं तेव्हा कोश मिटून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. ज्या शब्दापाशी खोली गप्प झाली, त्याच घडणीचा शब्द माझ्या मराठीच्या वहीच्या पानापानावर होता, आणि त्याने कधी कोणी दचकलं नव्हतं.

या सगळ्या शब्दांत सुरी स्पष्ट दिसते. हात काय करतो तेवढंच ते सांगतात, का करतो ते सांगत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला आधी सुरीच दिसणार. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस इजिप्तबद्दल लिहितो तेव्हा तो असाच बाहेरून बघतो आहे. त्याच्या मते मुळात ही चाल इजिप्शियन, कोल्खियन आणि इथिओपियन या तीनच लोकांची. फिनिशियन आणि पॅलेस्टाइनमधले सिरियन ती इजिप्तकडून शिकले. इजिप्शियनांना देखणेपणापेक्षा स्वच्छता मोठी वाटते, असं कारणही तो देतो. ग्रीकांना देखणेपणा मोठा वाटायचा, हे त्या वाक्यात आपोआप आलं.

इजिप्तमध्ये ही चाल हिरोडोटसच्याही कितीतरी आधीची. सक्कारा इथे आंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याची सहाव्या राजवंशातली कबर आहे, सुमारे ४३०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर एक दृश्य कोरलं आहे. एक मुलगा उभा आहे, मागून कोणीतरी त्याचे हात घट्ट धरले आहेत आणि पुढे एक माणूस हातात हत्यार घेऊन बसला आहे. काही अभ्यासक ते नुसतं केस काढणं मानतात, बहुतेक जण सुंताच मानतात. नागा एद-देर इथल्या एका शिलालेखात ऊहा नावाचा माणूस आपली सुंता एकशे वीस जणांबरोबर झाली असं अभिमानाने नोंदवतो. ही तान्ह्या बाळांची रांग नव्हे, वयात आलेल्या मुलांची आहे. कळत्या वयात, समवयस्कांबरोबर सोसलेली गोष्ट होती म्हणूनच ती दगडावर कोरून ठेवण्याजोगी वाटली असणार.

हिब्रूत आलं की शब्द दाट होत जातात. कापण्याची क्रिया तिथेही आहे, ती 'मिला'. पण ती एकटी येत नाही, 'ब्रित मिला' अशी येते, आणि 'ब्रित' म्हणजे करार. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाशी देवाचा करार होतो तेव्हा तो नव्याण्णव वर्षांचा आहे आणि त्याचा मुलगा इश्माएल तेरा वर्षांचा. त्यानंतर जन्मलेल्या इसहाकाची सुंता आठव्या दिवशी होते. मला विशेष वाटतं ते याचं की हिब्रूत करार 'करत' नाहीत, करार 'कापतात'. जनावराचे दोन भाग करून त्यांच्यामधून जाणं ही करार पक्का करण्याची जुनी रीत होती, तिची ही खूण असावी. म्हणजे कापणं आणि वचन देणं ही त्या भाषेत आधीपासूनच जोडीने राहत होती. पुढे बोलीत काय झालं बघा. युरोपातल्या यहुदी घरांत नुसतं 'ब्रिस' म्हणायची चाल पडली. "उद्या ब्रिस आहे." उरला तो करार, कापणं शब्दातून गळून पडलं.

जी कातडी काढायची तिलाही हिब्रूत 'ओर्ला' असा शब्द आहे, आणि तो शरीरापुरता राहत नाही. नवीन लावलेल्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळं 'ओर्ला', ती खायची नाहीत. मोशे आपले ओठ असे झाकलेले आहेत, मला बोलता येत नाही, अशी तक्रार करतो. यिर्मया लोकांचे कान असे आहेत म्हणतो. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मन कठोर करू नका असा सल्ला आहे, तिथे मूळ हिब्रू हृदयावरची कातडी काढा असं म्हणतं. वर एक साल आहे, आत खरं काहीतरी आहे, आणि साल काढल्याशिवाय ते मोकळं होत नाही, अशी ती कल्पना. झाड, कान, ओठ, हृदय यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या त्या लोकांना ही गोष्ट केवळ अंगावरची खूण वाटत नव्हती.

दोन जागा तर अंगावर काटा आणतात. एक निर्गमाच्या चौथ्या अध्यायातली. रात्रीच्या मुक्कामी परमेश्वर मोशेला मारायला येतो. तेव्हा त्याची बायको सिप्पोरा गारगोटीचा धारदार दगड घेते, मुलाची सुंता करते आणि रक्ताच्या नात्याने तू माझा नवरदेव आहेस अशा अर्थाचं काहीतरी बोलते. तीनच ओळींचा प्रसंग, आणि त्यावर दोन हजारांहून अधिक वर्षं भाष्यं होत आली आहेत. 'नवरदेव' या अर्थी हिब्रूत 'खातान' आहे. त्याच धातूचा अरबी शब्द 'खतन' म्हणजे सुंता करणं, आणि अरबीतच 'खतन' म्हणजे जावई किंवा लग्नाने जोडलेला सोयराही. लग्न आणि सुंता एका धातूत नांदतात, यावरून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की फार पूर्वी हा विधी लग्नाआधी, वयात येताना व्हायचा. ऊहाचा शिलालेख आठवतो. दुसरी जागा यहोशवाच्या पुस्तकातली. तिथे देव गारगोटीच्या सुऱ्या करायला सांगतो. धातूच्या सुऱ्या मिळत असताना दगडाचीच सुरी का? कारण विधी धातूपेक्षा जुना असावा, आणि जुन्या गोष्टीला जुनंच हत्यार लागतं.

मग ग्रीकांची सत्ता आली. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास जेरुसलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभी राहिली. ग्रीक व्यायाम करायचे ते नग्न, आणि तिथे सुंता झालेला तरुण लपत नसे. मक्काबींच्या पुस्तकात नोंद आहे की काही यहुद्यांनी आपली खूण पुसून घेतली, म्हणजे उरलेली कातडी ओढून पुन्हा झाकण्याचा उपाय केला. रोमन लेखक केल्ससने पहिल्या शतकात अशी शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. काही वर्षांतच ग्रीक राजा अँटिओकस चौथ्याने सुंतेवर बंदी घातली आणि मक्काबी या यहुदी घराण्याचं बंड पेटलं. ज्या खुणेची काहींना लाज वाटत होती, तिच्यासाठी दुसरे मरायला तयार झाले, आणि हे दोन्ही एकाच पिढीत घडलं. पुढे रोमन सम्राट हेड्रियननेही बंदी घातल्याचं सांगतात. त्याच्या नंतरच्या अँटोनिनस पायसने यहुद्यांना फक्त स्वतःच्या मुलांची सुंता करायची मुभा दिली.

इथून शब्द खऱ्या अर्थाने दोन वाटांनी गेला. येशूचा प्रेषित पौल स्वतः आठव्या दिवशी सुंता झालेला यहुदी. पण येशूच्या मार्गावर यायला यहुदी नसलेल्यांनी आधी सुंता करून घ्यावी, हे त्याला मान्य नव्हतं. इसवी सन ५० च्या आसपास जेरुसलेमच्या सभेत हा वाद मिटवला गेला आणि सक्ती सुटली. तरी पौलानेच आपल्या तरुण सोबत्याची, तीमथ्याची, सुंता केली, कारण ज्या गावांत त्याला न्यायचं होतं तिथल्या यहुद्यांना ते रुचलं असतं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचा संताप उसळतो. फिलिप्पैकरांना लिहिताना तो 'पेरितोमे'वर शब्दांचा खेळ करतो: सक्ती करणाऱ्यांना तो 'कातातोमे' म्हणतो, म्हणजे नुसती कापाकापी. एक उपसर्ग बदलला आणि पवित्र विधीची चिरफाड झाली. शब्दांत सुरी किती जवळ असते हे पौलाला नीट माहीत होतं. रोमकरांना तो सांगतो की खरी सुंता अंतःकरणाची. हृदयावरच्या कातडीचीच जुनी प्रतिमा त्याने आपल्या बाजूला वळवून घेतली.

ख्रिस्ती लोकांनी विधी सोडला, पण शब्द दिनदर्शिकेत ठेवला. २५ डिसेंबरपासून आठवा दिवस मोजा, १ जानेवारी येते. लूकच्या शुभवर्तमानात त्या दिवशी बाळाची सुंता होते आणि त्याला येशू हे नाव दिलं जातं. शतकानुशतकं रोमन चर्चच्या पंचांगात नव्या वर्षाचा पहिला दिवस 'प्रभूची सुंता' या नावाने होता. १९६० मध्ये ते नाव काढलं गेलं. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात ते राहिलं. नाव ठेवण्याचा दिवस म्हणून जेझुइट पंथाला तो विशेष प्रिय, कारण पंथाचं नावच येशूच्या नावावरून. जुन्या गोव्यात बों जेझू बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर वर कोरलेली तीन अक्षरं येशूच्या ग्रीक नावाची आहेत. त्या अक्षरांच्या मागे हाच आठव्या दिवसाचा विधी उभा आहे, हे सेंट झेवियरच्या दर्शनाला गेलेल्या माझ्यासारखीच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता अरबीकडे वळते, कारण आपली 'सुंता' तिकडून आली.

कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. अरबस्तानात ती इस्लामच्या आधीपासून होती. हदीसमध्ये ती पाच निसर्गसिद्ध गोष्टींत येते: मिशा कातरणं, नखं कापणं, काखेतले आणि जांघेतले केस काढणं यांच्या बरोबरीने 'खितान'. हा कापण्याचा सरळ शब्द. त्यावरून फारसी-उर्दूत 'खतना' आला. पण लोकांच्या तोंडी दोन वेगळे शब्द रुळले. एक 'तहारा', म्हणजे शुद्धी. स्वाहिलीतला 'तोहारा' त्यातूनच निघाला. दुसरा 'सुन्ना', फारसीच्या वाटेने 'सुन्नत'. सुन्ना म्हणजे मळलेली वाट, पूर्वजांची रीत. इस्लामपूर्व अरबांत ती टोळीची रीत होती, पुढे प्रेषितांची रीत झाली. 'सुन्नी' हा शब्दही याच घरातला: जो त्या वाटेने चालतो तो. आपल्या 'सुंता' आणि 'सुन्नी' या दोन शब्दांत रक्ताचं नातं आहे, हे मराठीत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे येईतो सुन्नतीचा चेहरा बदलला.

सुन्नतीच्या इतक्या रीती आहेत, दाढी ठेवणं, उजव्या हाताने खाणं, सलाम करणं. तरी तुर्कस्तानपासून इंडोनेशियापर्यंत नुसतं 'सुन्नत' म्हटलं की ही एकच गोष्ट समजते. इस्तंबूलमध्ये १५८२ मध्ये सुलतान तिसरा मुराद याने राजपुत्र मेहमेदच्या 'सुन्नेत'चा उत्सव केला. पन्नासहून अधिक दिवस कारागिरांच्या मिरवणुका, आतषबाजी, कसरती चालल्या होत्या. लग्नासारखाच सोहळा, त्या धातूतलं लग्न पुन्हा वर आलं म्हणा. इंडोनेशियात मात्र शब्दाने उलटी वाट धरली. तिथे सरकारी मदतीतून कोणी पैसे मारले की वर्तमानपत्रं मदतीचा 'सुनत' झाला असं लिहितात. वाटेच्या अर्थाच्या शब्दात तिथल्या लोकांनी सुरी परत घातली.

मराठीत 'सुन्नत'ची 'सुंता' झाली, हे एरवी होत नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेले 'त'कारान्त शब्द आपण तसेच ठेवले: किंमत, हिंमत, दौलत, नौबत. त्यांना कोणी 'किंमता' म्हटलं नाही. हा एकच इतका आत घेतला गेला की शेवटी 'आ' लागून तो 'चिंता'सारखा स्त्रीलिंगी मराठी शब्द दिसायला लागला. करणारा कोण, तर हज्जाम, म्हणजे मुळात तुंबडी लावून रक्त काढणारा. आपण त्याला हजाम म्हणत केस कापायला बसवलं. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्या शास्त्रात ही गोष्ट सुन्नतीच्याही वरची, वाजिब, म्हणजे अनिवार्य. हनफी मताप्रमाणे ती सुन्नत. बोलण्यात हा भेद उरला नाही. 'मुसलमानी' असाही एक शब्द आहे, त्यात तर विधी आणि माणसाचा धर्म एकच होऊन गेला.

आणि मग मराठीत बायबल आलं, तेव्हा भाषांतरकारांपुढे हाच एक तयार शब्द होता. त्यामुळे मराठी पवित्र शास्त्रात अब्राहामाची होते ती सुंता, सिप्पोरा करते ती सुंता, पौल भांडतो तो सुंतेवरून. हिब्रू करार, ग्रीक काप आणि अरबी वाट ही तिन्ही एका मराठी शब्दात येऊन बसली. मला त्याचं मनापासून अप्रूप वाटतं.

पण मराठी कानाला या शब्दातून आणखी एक गोष्ट ऐकू येते, ती टाळून पुढे जाता येणार नाही. कवी भूषणाच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या शिवरायांवरच्या कवित्तात 'सुन्नत' येते ती सक्तीच्या धर्मांतराची भीती म्हणून. तिथे तिचा अर्थ वाट नाही, करारही नाही. घर हातचं जाण्याची ती दहशत आहे. त्याआधी कबीराने या विधीवर प्रश्न उठवला तो बाईच्या बाजूने: पुरुषाचा धर्म कातडीवर ठरत असेल तर घरातल्या बाईचा कशावर ठरायचा? आणि १९४७ नंतर ही खूण ओळखपत्र झाली. मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या सआदत हसन मंटोच्या 'सियाह हाशिये'त काही ओळींचीच एक गोष्ट आहे. मारणारा सुरी चालवतो, इजारीची नाडी तुटते, आणि आपण आपल्याच धर्माच्या माणसाला मारलं हे त्याला कळतं. दंगलीत पँट उतरवून माणूस ओळखणं आपल्या शहरांनीही पाहिलं आहे. उत्तरेत मुसलमान पुरुषाला देतात ती शिवीही 'काटणे' या क्रियापदावरून आहे. मी ती इथे लिहिणार नाही. घरातल्या माणसांनी शब्दातून सुरी काढून टाकली होती, ती शत्रूने परत घातली. डॉक्टरांच्या खोलीतली शांतता या साऱ्याची होती.

डॉक्टरांचा शब्द मात्र तेवढा निर्मळ आहे असं मला वाटत नाही. १८५५ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सनने आपल्या यहुदी रुग्णांत उपदंश कमी आढळतो असं लिहिलं. १८७० मध्ये न्यू यॉर्कच्या लुइस सेअरने एका पाच वर्षांच्या मुलाच्या पायांचा लकवा सुंतेने बरा केल्याचा दावा केला, आणि पुढे कितीतरी आजारांवर हाच इलाज सुचवला गेला. विधी दवाखान्यात गेला आणि इंग्लंड-अमेरिकेत पसरला. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरने दाखवून दिलं की लहान मुलांची कातडी मागे न सरकणं बहुतांशी नैसर्गिक असतं, वयाबरोबर ती आपोआप सुटते. इंग्लंडमध्ये मग ही प्रथा झपाट्याने ओसरली. दक्षिण कोरियात ती युद्धानंतर अमेरिकन प्रभावाने पसरली. तिथे तिचं नावच एका आजाराचं आहे, आवळलेल्या कातडीची शस्त्रक्रिया, मग मुलाला आजार असो वा नसो.

खऱ्या पुराव्याने ती पुन्हा समोर आली एड्सच्या काळात. पुण्याच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या २००० हून अधिक पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीचा नवा संसर्ग पुष्कळ कमी होता. मग दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात चाचण्या झाल्या. स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काही आफ्रिकी देशांसाठी तिची शिफारस केली. पुढे त्या कार्यक्रमाच्या नावात शब्दाला दोन विशेषणं लागली: स्वेच्छेची, वैद्यकीय. एकट्या शब्दावर त्यांचाही भरवसा नव्हता.

आणि 'पुरुषांची' हेही सांगावं लागलं, कारण मुलींबद्दल जे केलं जातं त्यालाही इंग्रजीत बराच काळ हाच शब्द वापरत. इथे मला शब्दाचा राग येतो. मुलाची कातडी काढणं आणि मुलीचा संवेदनेचा अवयव कापणं एक नव्हे. आफ्रिकेतल्या कार्यकर्त्या बायकांनी १९९० मध्ये आदिस अबाबाच्या परिषदेत तो शब्द नाकारला आणि 'अंगच्छेद' अशा अर्थाचा शब्द धरला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तो वापरायची शिफारस केली. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांना यातून जावं लागलं आहे. सुदानमध्ये त्यातल्या एका प्रकाराला 'सुन्ना' म्हणतात. वाट, म्हणजे चालायलाच हवं. आपल्याकडे दाऊदी बोहरा घरांत साधारण सातव्या वर्षी मुलीला नेलं जातं. शास्त्रातला शब्द 'खफ्ज', म्हणजे कमी करणे, खाली आणणे. मुंबईच्या बोहरा बायकांनी लहानपणीचं ते दुपारचं बाहेर जाणं, अनोळखी घर, म्हातारी बाई, हे उघडपणे सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांना आधी शब्दाशीच भांडावं लागलं. २०१७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं. जिथे शब्दातली सुरी इतकी झाकली जाते तिथे ती उघडी करणारी बाई मला फार धीराची वाटते.

भाच्याला शस्त्रक्रिया लागली नाही. मलम सहा आठवडे लावलं, कातडी हळूहळू सैल झाली. नंतर सुश्रुतसंहिता चाळताना मला तिथे 'निरुद्धप्रकश' हा विकार सापडला, नेमका तोच. सुश्रुताचा पहिला उपाय कापण्याचा नाही: तूप लावलेली नळी घालायची, दर तीन दिवसांनी थोडी अधिक जाड, म्हणजे वाट हळूहळू मोठी होईल. नाहीच जमलं तर शिवण सोडून छेद.

हे मी आईला वाचून दाखवत होते. तिचं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीच्या जवळ. मी तिला विचारलं, त्या दिवशी तू 'सुंता' का म्हणालीस? तिला नवल वाटलं. ती म्हणाली, "शेजारच्या घरात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता असायची. आपण बारसं म्हणतो तसंच." शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणवणारे बेने इस्रायली ते. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरले अशी त्यांची आठवण आहे, आणि हिब्रू विसरली तरी शब्बाथ आणि सुंता त्यांनी सोडली नव्हती. घरात मराठी, देवघरात एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया. आईला खुर्ची आठवते, संदेष्ट्यासाठी मांडलेली, तिच्यावर कोणी बसायचं नाही. पाळण्यापाशी बायका मराठीत गात. आणि मलिद्याचं ताट: भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, भोवती केळी, खजूर. आळीतल्या सगळ्या पोरांना वाटायचे. ते घर पुढे इस्रायलला गेलं. जायच्या आदल्या दिवशी त्या घरातल्या आजीने माझ्या आजीला हाक मारून मलिद्याची पितळी परात दिली आणि म्हणाली, तिकडे पोहे मिळतील की नाही कोणास ठाऊक. परात आईकडे आहे. पोहे भिजवायला ती अजून तीच काढते.